खलनायकाला मारलं कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईने नऊ वर्षांच्या मुलासोबत घरी ‘द इन्क्रेडिबल्स’ हा सुपरहिरो कुटुंबाचा ॲनिमेशन पिक्चर पाहिला. संपल्यावर मुलाने दोन गोष्टी विचारल्या. त्यातल्या खलनायकाला, सिंड्रोमला, तर सगळ्यांनाच सुपरहिरो करायचं होतं, मग तो वाईट कसा? आणि शेवटी त्याला मारलंच ना, मग बाकीचे चांगले कसे? ‘तो वाईट होता म्हणून’ असं सांगून आईने वेळ मारून नेली. आता ती विचारते आहे की असे पिक्चर मुलांना दाखवावेत का, आणि दाखवले तर अशा प्रश्नांना सांगायचं काय.

दाखवा. हे आधीच सांगून टाकते, कारण असं विचारणारे पालक बहुतेक वेळा ‘नको’ ऐकायच्या तयारीनेच येतात. नऊ वर्षांचं पोर खलनायकाची बाजू मांडत असेल तर पिक्चर वाया गेलेला नाही.

मी बावीस वर्षं ॲनिमेशनमध्ये स्टोरीबोर्ड काढते. एकही हलतं चित्र तयार होण्याआधी अख्खी गोष्ट चौकटींत मांडायची, कॅमेरा कुठे, कोण कुठे उभं, कोणाचा चेहरा दिसतो, कोणाचा नाही, हे ठरवायचं, हे माझं काम. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात मुलांच्या कार्यशाळा घेते. तुमच्या मुलाचे दोन्ही प्रश्न तिथे दर वर्षी येतात, फक्त विचारणारं मूल बदलतं.

दुसरा प्रश्न आधी घेते, तो माझ्या धंद्यातला आहे.

शेवटचा प्रसंग आठवा. सिंड्रोम त्या कुटुंबातल्या धाकट्या बाळाला, जॅक-जॅकला, पळवून विमानाकडे उडतोय. बाळ हातातल्या हातात रूपं बदलतं आणि त्याच्या तावडीतून सुटतं. बाप बॉब, म्हणजे मिस्टर इन्क्रेडिबल, बायकोला, हेलनला, वर फेकतो आणि ती बाळाला झेलते. इथे पिक्चर संपू शकला असता. पण सिंड्रोम विमानावरून ओरडतो की आज ना उद्या तुमचा मुलगा मी नेईनच. मग बॉब आपली नवीकोरी गाडी उचलून विमानावर भिरकावतो. सिंड्रोम मागे कोलमडतो, त्याची केप, म्हणजे पाठीवरचा लांब झगा, इंजिनाच्या टर्बाइनमध्ये ओढली जाते, आणि खेळ खलास.

मारलं कोणी? गाडी बॉबने फेकली. पण जीव गेला केपमुळे, आणि केप घालायची हौस सिंड्रोमची स्वतःची. शिवाय कपडे शिवणाऱ्या एडना मोडने तासभर आधीच बजावून ठेवलंय की केप नको, आणि केपमुळे कोण कोण मेलं त्याची यादीच वाचून दाखवली आहे. त्या यादीत एक सुपरहिरोईण विमानाच्या टर्बाइनमध्येच गेलेली आहे. तेव्हा आपण हसलो होतो. त्या हसण्याने शेवटच्या मृत्यूची सोय करून ठेवली होती. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, तसं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी पडद्यावर पाहताना विसरायला होते. खऱ्या नटांना घेऊन शूटिंग करताना अपघात होतात. वारा येतो, घोडा बिथरतो, नट अडखळतो आणि दिग्दर्शकाला तेच आवडतं. ॲनिमेशनमध्ये झाडाचं पान हललं तरी ते कोणीतरी हलवलेलं असतं. केपचं टोक टर्बाइनकडे वळण्याचा तो ‘अपघात’ कोणीतरी बोर्डवर काढला, दिग्दर्शकाला दाखवला, मंजूर करून घेतला. मग कोणीतरी त्या कापडाची हालचाल बसवली आणि कोणीतरी त्यावर आवाज चढवला. पडद्यावर दोन-तीन सेकंद, पण त्यामागे अनेक माणसांचे अनेक दिवस. म्हणून ॲनिमेशनमध्ये अपघाती मृत्यू असं काही नसतंच. तिथे असतो तो निर्णय, आणि तो कोणाच्या नावावर टाकायचा याची युक्ती.

ही युक्ती मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांच्या एका मालिकेचा बोर्ड करत होते. कड्याला लोंबकळणारा खलनायक, वर उभा नायक. मी नायकाचा हात पुढे आलेला काढला होता, आणि खलनायक गुर्मीत तो धरत नाही, असं दाखवलं होतं. बोर्ड परत आला. त्या चौकटीवर लाल शेरा: हात फ्रेमबाहेर घ्या. का, म्हणून फोन केला तर उत्तर मिळालं की हात दिसला की मूल विचारतं, अजून थोडा वाकला असता तर? हात दिसलाच नाही तर काही विचारणार नाही. मी हात पुसला. खलनायक पडला, भाग दाखवला गेला, पैसे मिळाले. तेव्हापासून कुठलाही सुपरहिरोचा पिक्चर पाहताना शेवटी मी तो हात शोधते.

आपल्याला हे नवीन नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. युधिष्ठिर खोटं बोलला नव्हता, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता. द्रोणांच्या कानावर फक्त निम्मं वाक्य गेलं. सिंड्रोमची केप हा तो हत्ती आहे. पण महाभारताने युधिष्ठिराला सोडलं नाही. जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्याच घटकेला खाली टेकला, असं सांगितलं. बॉबचा रथ तर विमानावर आदळून भंगारात गेला, पण त्याचा अर्थ कोणी काही लावत नाही. जळतं विमान घरावर कोसळतं, सगळे सुखरूप बाहेर येतात आणि आपण पुढच्या विनोदाकडे जातो.

याचं मला जास्त वाईट वाटतं ते यासाठी की हाच पिक्चर मधल्या भागात फार प्रामाणिक आहे. आपलं कुटुंब मेलं असं वाटून बॉब सिंड्रोमच्या सहकारी बाईला, मिराजला, धरतो आणि चिरडून टाकीन म्हणतो. सिंड्रोम शांतपणे म्हणतो, कर. बॉबच्याने होत नाही. तो तिला सोडून देतो आणि सिंड्रोम त्याला दुबळा ठरवतो. नंतर मिराजच सिंड्रोमला ऐकवते की जिवाची किंमत असणं म्हणजे दुबळेपणा नव्हे, आणि पुढे तीच बॉबला सोडवते. इथे हात पूर्ण फ्रेममध्ये आहे. बॉबची बोटं, तिचा गुदमरलेला चेहरा, सगळं दिसतं. २००४ साली मुलांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या पिक्चरमध्ये हे करायला धाडस लागतं. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांना प्रश्न माहीत होता, हे उघड आहे. शेवटी त्यांनी तो टर्बाइनमध्ये टाकला.

आणि सिंड्रोमची माणसं? जंगलात डॅशचा, बॉबच्या वाऱ्यासारख्या धावणाऱ्या मुलाचा, पाठलाग करताना त्यांची उडती यानं कड्यावर, झाडांवर आदळतात, स्फोट होतात. कार्यशाळेत मी मुलांना मोजायला सांगते. आकडे कधीच जुळत नाहीत, पण मोजायला लागल्यावर खोली गप्प होते. त्याच पिक्चरमध्ये हेलन मुलांना गुहेत बसवून सांगते की ही माणसं शनिवारच्या कार्टूनमधल्या खलनायकांसारखी नाहीत, तुम्ही लहान आहात म्हणून ती सोडणार नाहीत. मुलांना मृत्यू खरा आहे असं सांगायचं आणि मग त्यांच्याच हातून झालेले मृत्यू मोजायचे नाहीत, ही सुपरहिरो पिक्चरची जुनी खोड आहे.

आता पहिला प्रश्न. सिंड्रोमचं काय चुकलं?

साधं उत्तर आधी. आपला रोबो तपासून पाहण्यासाठी त्याने एकेका निवृत्त सुपरहिरोला बेटावर बोलावून मारलं. मग तोच रोबो शहरावर सोडला, का, तर आपणच येऊन तो हरवायचा आणि टाळ्या घ्यायच्या. सगळ्यांना शक्ती द्यायची गोष्ट तो करतो ती शेवटी, म्हातारपणी, आपली मजा करून झाल्यावर, आणि तीही विकत. मुलाला एवढं सांगितलंत तर निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं अवघड आहे, आणि तिथे तुमचा मुलगा बरोबर आहे. सिंड्रोम खुनी आहे म्हणून त्याचं म्हणणं चूक ठरत नाही. लहानपणी तो बडी नावाचा मुलगा होता, अंगात कसलीही शक्ती नसलेला, स्वतःच्या डोक्याने रॉकेटचे बूट बनवणारा. आपल्या आवडत्या हिरोकडे शिकायला गेला आणि हिरोने हाकलून दिलं: मी एकटा काम करतो. एकलव्याची गोष्ट ऐकलेलं कुठलंही मराठी मूल इथे थबकतं. कार्यशाळेत एका मुलीने सरळ म्हटलं होतं की हा अंगठा न देणारा एकलव्य आहे. मला ते शंभर टक्के पटत नाही, एकलव्याने कोणाला मारलं नव्हतं. पण उपमा चुकली कुठे हे तिला समजावताना माझीच दमछाक झाली.

पिक्चरमध्ये याच्या नेमकं समोर एडना बसली आहे. तिच्यातही जन्मजात शक्ती नाही, तीही यंत्रं आणि कापड यांच्या जोरावर अद्भुत वस्तू बनवते. तिच्यावर आपण प्रेम करतो, बडीवर करत नाही. एडना शक्तीवाल्यांसाठी शिवते आणि बडीला स्वतः घालायचं होतं, एवढा एक फरक सुरुवातीला आहे. खून नंतर आले. लेखक लोक ही युक्ती नेहमी करतात: नकोसा पण रास्त मुद्दा खुन्याच्या तोंडी घालायचा, म्हणजे त्याला उत्तर द्यावं लागत नाही. २०१८ च्या दुसऱ्या भागात एव्हलिन डेव्हर म्हणते की सुपरहिरोंच्या भरवशावर राहून लोक दुबळे होतात. विचार करण्याजोगं आहे. पण ती लोकांना पडद्यावरून संमोहित करते, झालं, मुद्दा तिच्याबरोबर तुरुंगात.

डॅशचंही तसंच. तू खास आहेस पण ते दाखवू नकोस, असं त्याला सांगितलं जातं आणि त्याचा जीव घुसमटतो. शेवटी तो शाळेच्या शर्यतीत धावतो, घरचे त्याला प्रेक्षकांतून खुणावतात आणि तो ठरवून दुसरा येतो. सगळे खूश. तिसऱ्या आलेल्या मुलाबद्दल तुमच्या लेकाला विचारून बघा.

पण ‘इन्क्रेडिबल्स’मधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रसंग खलनायकाचा नाहीच, तो ऑलिव्हर सॅन्सवीट नावाच्या एका साध्या माणसाचा आहे. तो इमारतीवरून उडी मारतो, मिस्टर इन्क्रेडिबल त्याला हवेतच धरून खिडकीतून आत नेतो, जीव वाचतो. आणि तो माणूस कोर्टात जातो. मला वाचवून घ्यायचं नव्हतं, वर मानेला दुखापत झाली. त्याच्या पाठोपाठ त्या रात्री वाचलेले आगगाडीचे प्रवासी जातात. दाव्यांचं पेव फुटतं, सरकार पैसे भरून थकतं आणि सुपरहिरोंवर बंदी येते. ती आगगाडी का थांबवावी लागली? बडीच्या केपला चिकटवलेला बॉम्ब रुळावर पडला म्हणून. म्हणजे एका रात्रीत नकार मिळालेला मुलगा, न विचारता वाचवलेला माणूस आणि मोडलेला रूळ, तिन्ही एकत्र. पिक्चर हे सगळं चटचट, थट्टेच्या सुरात उरकतो, आणि दावे करणारे लोक कृतघ्न वाटावेत अशी काळजी घेतो. पण वाचवणाऱ्याने कोणाला विचारायचं, आणि नुकसान कोणी भरायचं, हे खरे प्रश्न आहेत. नऊ वर्षांच्या मुलाशी आत्महत्येबद्दल बोलायची तुमची तयारी नसेल तर आगगाडीचा अर्धा भाग घ्या. गाडी वाचली, पण आतल्या लोकांना लागलं. मग चुकलं का? जोराचा ब्रेक मारणारा बसचा ड्रायव्हर आठवून तो बोलायला लागेल.

हात न लपवणारा पिक्चर पाहायचा असेल तर २०१४ चा ‘बिग हिरो ६’ लावा. हिरो नावाच्या मुलाचा भाऊ तदाशी आगीत जातो. मागे राहतो त्याने बनवलेला बेमॅक्स, आजाऱ्यांची काळजी घेणारा फुगा-रोबो. भावाच्या मृत्यूला कोण जबाबदार हे कळल्यावर हिरो बेमॅक्सच्या छातीतली सेवेची चिप काढतो, मारामारीची तेवढी ठेवतो आणि मारून टाक म्हणतो. बेमॅक्स निघतो. मित्र कसेबसे अडवतात आणि चिप परत बसवतात. हिरो दुसऱ्यांदा चिप काढायला जातो तेव्हा बेमॅक्स कप्पाच उघडत नाही. त्या माणसाला संपवल्याने तुला बरं वाटेल का, असं तो विचारतो, जसं दुखण्याबद्दल विचारावं तसं. मग पोटाच्या पडद्यावर तदाशीच्या जुन्या चाचण्या दाखवतो: बिघडलेल्या, चिडचिडीच्या, चौऱ्यांशीव्या खेपेला जमलेल्या.

बेमॅक्सच्या चेहऱ्याकडे बघा. दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. ही कल्पना जपानी देवळातल्या घुंगरासारख्या घंटेवरून आली. भुवया नाहीत, तोंड नाही. आमच्यासाठी हा मोठा पेच असतो, कारण राग, दया, शंका सगळं आम्ही भुवयांत भरतो. बेमॅक्सकडे फक्त मान कलणं आणि पापणी मिटणं. चिप काढल्यावर डोळे लाल होतात, तेवढाच काय तो बदल. म्हणून त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा शोधला तर सापडत नाही; आज्ञा देणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र तो दिसतो, कारण भुवया त्याला आहेत. आणि शेवटी गुन्हेगार जिवंत पकडला जातो, त्याची हरवलेली मुलगी हिरोच वाचवून आणतो, आणि बापाला पोलीस नेतात. कोणी टर्बाइनमध्ये जात नाही. (पोरांना एवढं सगळं पाहून रॉकेटसारखी सुटणारी मूठच लक्षात राहते, हेही खरं.)

बर्ड यांचाच १९९९ चा ‘द आयर्न जायंट’ जमल्यास आधी दाखवा. अवकाशातून पडलेलं महाकाय शस्त्र, ज्याला एक मुलगा सांगतो की तू काय व्हायचं ते तू ठरव. तिकीटबारीवर तो पडला. अजूनही रडवतो.

आता ‘सगळेच सुपर’ या मुद्द्यावर मुलाला खरं उत्तर हवं असेल तर ते २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये आहे. सिंड्रोमचं वाक्य तिथे खलनायकाच्या तोंडून काढून नायकाला दिलंय: मुखवटा कोणीही घालू शकतं. आणि हे चित्रांतही केलंय. एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. सुरुवातीला जंगलातून झोके घेताना अनुभवी स्पायडर-मॅन पीटरचं चित्र प्रत्येक फ्रेमला बदलतं, तर नायक माइल्स या नव्या पोराचं एकाआड एक, म्हणजे सेकंदाला बारा. त्यामुळे पीटर लोण्यासारखा जातो आणि माइल्स अडखळतो. आपल्याला कारण कळत नाही, पण डोळ्याला नवशिका कळतो. पुढे त्याला जमायला लागतं तशी चित्रं वाढतात. कोळी त्याला योगायोगाने चावला हे खरं, पण उडणं तो शिकला, आणि ते शिकणं अक्षरशः मोजता येतं.

२०२३ चा पुढचा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठीही होती. भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरचं शहर, मुंबॅटन, पाहून आमच्या बॅचच्या मुलांनी खुर्च्या सोडल्या होत्या. पण त्याच मुंबॅटनमध्ये पिक्चरचा सगळ्यात कठीण प्रश्न पडतो. माइल्स तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला, इन्स्पेक्टर सिंग यांना, मरता मरता वाचवतो आणि थोड्याच वेळात शहराला भगदाड पडतं. सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओ’हारा सांगतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात एका पोलीस कॅप्टनचा मृत्यू ठरलेला असतो, तो टाळला तर विश्व मोडतं. आणि पुढचा कॅप्टन माइल्सचा बाप आहे. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये सुटलेल्या ट्रामचा पेच मांडला होता: या रुळावर पाच माणसं, त्या रुळावर एक, चालकाने वळवायची का? इथे त्या एकाला मुलगा ‘बाबा’ म्हणतो, आणि वळव म्हणणारे सगळे आपापला माणूस आधीच गमावून बसलेले आहेत.

मुलं मिगेलला सरळ खलनायक म्हणतात. मी त्यांना थांबवते. भगदाड खरंच पडलं होतं. दुसऱ्या एका जगात मेलेल्या आपल्याच प्रतिरूपाच्या जागी जाऊन राहिल्यावर ते जग त्याच्या डोळ्यांदेखत विरलं होतं, ही त्याची स्वतःची कहाणी आहे. त्याचं म्हणणं चूक असल्याचा पक्का पुरावा पिक्चर देत नाही. माइल्सची मैत्रीण ग्वेन, तीही स्पायडर-मॅनांपैकीच, तिचे वडील पोलिसातली नोकरी सोडतात, म्हणजे कॅप्टन होण्याचंच टळतं, तिथे एक फट दिसते, तेवढीच. तरी आपण त्याच्या विरुद्ध का होतो? कारण तो तसा काढलाय. सुळे, नख्या, अंधारात वाकलेले खांदे, आगगाडीवर पोराला दाबून धरणारा. चौकटीने निकाल आधीच दिला. आमची जातच अशी.

तर आज रात्री काय कराल? तो मेला कारण तो वाईट होता, हे वाक्य मागे घ्या. मुलाला सांगा, मी पण नीट पाहिलं नव्हतं, परत बघू. गाडी फेकल्यावर पिक्चर थांबवा आणि विचारा, हे चित्र काढणाऱ्या माणसाला दुसरं काय काढता आलं असतं? मग कागदावर चार चौकटी आखून द्या, शेवट त्याचा त्याला काढू दे. बहुतेक मुलगे पहिल्या खेपेला तुरुंग काढतात. दोघा-तिघांनी आणखी मोठा स्फोट काढला होता, त्यांना रागावू नका. मागच्या वर्षी एका मुलाने सिंड्रोम विमानाला लोंबकळताना काढला, खाली गाडी फेकायच्या बेतात असलेला बॉब, आणि चौथ्या चौकटीत विमानाच्या खिडकीतून बाहेर आलेली एडना, हातात कात्री, केप कापताना.

पेन्सिल द्या, स्केचपेन नको. पहिल्या शेवटावर मुलं थांबत नाहीत.